बोगनवेलीलाही ताण हवा

वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला ताण म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं, मृग धरायचा तर भर उन्हाळ्यात बाग सुकवायची. किती दिवस, ते जमिनीच्या मगदुरावर. भारी काळ्या जमिनीत महिना-दीड महिनाही लागतो. पानं मलूल होऊन कडेने वळली, थोडी गळू लागली, की ताण बसला हे तो लांबूनच ओळखतो. त्याच्याच घराच्या फाटकावरची बोगनवेल मात्र रोज संध्याकाळी पाइपाखाली असते. ती माडीपर्यंत चढते, हिरवीगार राहते, बोटभर काटे धरते आणि फुलत नाही. मग तो रोपवाटिकेत येऊन रोप खराब निघाल्याचं सांगतो आणि आपल्यापैकी बरेच जण त्याच्या हाती खताची पिशवी देतात. हे थांबायला हवं.

बोगनवेलीचा काटा आणि फुलोरा पानाच्या एकाच बगलेतून येतात. दिवस मोठा, पाणी मुबलक, नत्राचा मारा असला की तिथला कोंब काट्याकडे वळतो. दिवस लहान झाला, मुळाशी ओल कमी झाली, की तोच कोंब फुलोरा होतो. म्हणजे काटेरी झालेल्या वेलीला युरिया देणं हे नेमकं उलटं काम आहे. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर तीन रंगीत सहपत्रं. खरं फूल त्यांच्या मधोमध, पांढुरक्या बारीक नळीसारखं. कूळ गुलबक्षीचं. आपल्या बांधावरची पुनर्नवाही याच कुळातली.

वऱ्हाडात या वेलीची खरी अडचण उन्हाची नाही. अकोल्याचा मे महिना 45 अंशांच्या पुढे गेला तरी मुरलेली बोगनवेल तग धरते. अडचण आहे काळ्या मातीतल्या पावसाळ्याची. बाहेरून येणारी बरीचशी रोपं लाल मातीच्या गोळ्यात असतात. काळ्या जमिनीत खड्डा घेऊन असा गोळा बसवला, की ऑगस्टात त्या खड्ड्याचं तळं होतं आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात उलट होतं: काळी माती आकसून भेगाळते, गोळा सुटा पडतो आणि बारीक, ठिसूळ मुळं तुटतात. म्हणून खड्डा खोल करण्यापेक्षा मुरूम मिसळून उंचवटा करावा, रोप त्यावर लावावं. पिशवी फाडताना गोळा फुटू देऊ नये, आणि उन्हाळ्यात भेगा खुरपून बुजवत राहावं. दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात तर निचऱ्याशिवाय काहीच साधत नाही. तिथं विहिरीचं खारं पाणी ही वेल बऱ्याच शोभेच्या झाडांपेक्षा जास्त सोसते, पण चिबडलेली मुळं तिला सोसत नाहीत. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. अर्धा टक्का हिराकसाची फवारणी करावी, पाणी वाढवू नये.

आता वेळापत्रक. पाऊस ओसरला की छाटणी. फुलोरा नव्या फुटीवर येतो, त्यामुळे जुनी दाट जाळी ठेवण्यात अर्थ नाही. फूट हातभर वाढली की शेंडे खुडायचे, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी तोडायचं. पानं दुपारी मलूल झाली तरी घाबरायचं नाही. सकाळीही ती सावरली नाहीत, तेव्हा ताण पुरेसा झाला असं समजावं. मग बेताचं पाणी द्यावं. बगलेत रंग दिसू लागला की पाणी थोडं वाढवावं, पण वाफसा येऊ दिल्याशिवाय पुन्हा देऊ नये. कुंडीतल्या वेलीचा ताण थोड्याच दिवसांत बसतो, तिथं तारखेकडे न पाहता पानाकडे पाहावं. पहिल्या वर्षाच्या रोपाला ताण देऊच नये, त्याची मुळं आधी बसू द्यावीत.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. बोगनवेलीच्या वाणांची जागतिक नोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे आणि आपण मात्र ही वेल 'राणी', 'पांढरी', 'नारिंगी' एवढ्यावरच विकतो. एका वेलीवर पांढरी आणि गुलाबी सहपत्रं देणाऱ्या 'मेरी पामर'चं नाव तरी पाटीवर लिहावं. वाणाचं नाव नसलं, तर कोणता वाण आपल्या मातीत किती ताण मागतो, हे कधीच कळणार नाही.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून विदर्भाच्या पिकांवर काम करत आहे. संत्र्याच्या ताणाबद्दल मिळतात तशा मगदुरानुसार शिफारशी बोगनवेलीसाठीही विद्यापीठाने द्याव्यात, अशी आमची विनंती आहे. तोवर सुरुवात आपण करू. या हिवाळ्यात वाण, जमीन, पाणी तोडल्याची तारीख आणि पहिला रंग दिसल्याची तारीख, एवढ्या चार नोंदी वहीत ठेवा आणि मार्चअखेर आमच्याकडे पाठवा. अमरावती आणि अकोल्याच्या नोंदी आम्ही शेजारी-शेजारी छापू. आणि रोप विकताना, नोव्हेंबरात पाणी कधी तोडायचं, हे एका चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाच्या हाती द्या.