समाजशास्त्राच्या पहिल्या पेपरात बाबासाहेब कुठे आहेत?

बारावीनंतर आर्ट्सला जाणारी आपली मुलंमुली समाजशास्त्र हा विषय क्वचितच आवडीनं निवडतात. तो त्यांच्या वाट्याला येतो. सायन्सची फी झेपत नाही, इंग्रजीची धास्ती असते, तालुक्याच्या कॉलेजात विषय मोजके असतात. त्यात कुणीतरी सीनियर सांगतो, "समाजशास्त्र घे, सोपं आहे, गाईड वाचून निघशील." अमेरिकेत घराजवळची, कमी फीची, दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं असतात. नोकरी करत शिकणारी, गरीब, काळ्या आणि स्थलांतरित घरांतली असंख्य मुलं समाजशास्त्राची तोंडओळख तिथेच करून घेतात. आपल्याकडे हे काम तालुक्याचं कॉलेज, सकाळचं कॉलेज आणि मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र करतं.

म्हणूनच हा पहिला पेपर आम्ही किरकोळ मानत नाही. 'जात म्हणजे काय' याचं अधिकृत, मार्क मिळवून देणारं उत्तर आपल्या तरुणांना पहिल्यांदा तिथेच मिळतं. जे आयुष्यभर सोसलं, त्याची व्याख्या दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली असते आणि ती आपण पाठ करायची असते. प्रश्न असा की ती व्याख्या कुणी केली, आणि कुणाला व्याख्या करू दिली नाही?

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे गो. स. घुर्ये यांनी तो दीर्घकाळ चालवला. त्यांचा जातीवरचा ग्रंथ १९३२ साली आला आणि त्यातली जातीची सहा वैशिष्ट्यं आजही महाराष्ट्रातला विद्यार्थी घोकतो: समाजाचं खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खानपान आणि सहवासावरचे निर्बंध, धार्मिक-नागरी असमर्थता आणि विशेषाधिकार, व्यवसायावरचे निर्बंध, विवाहावरचे निर्बंध. यादी खोटी नाही. पण ती यादी आहे. सहा मुद्दे एकाखाली एक, जणू सगळ्यांचं वजन सारखंच. यातला कोणता मुद्दा मूळ आणि कोणते त्याचे परिणाम, जात टिकते कशाच्या जोरावर, तिचा फायदा कुणाला, हे यादी सांगत नाही. 'असमर्थता' हा शब्द तर पाहा. पाणवठा बंद करणारा माणूस त्या शब्दातून गायब होतो आणि दोष जणू तहानलेल्याच्या अंगी चिकटतो.

घुर्यांच्या ग्रंथाच्या सोळा वर्षं आधी, ९ मे १९१६ रोजी, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. त्यात बाबासाहेबांनी वैशिष्ट्यांची यादी केली नाही, यंत्रणा उलगडली. जातीचा गाभा एकच, जातीतच लग्न. एखाद्या गटाला स्वतःला बंदिस्त करायचं असेल, तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राखावी लागते. नवरा मेला की बायको 'जादा' ठरते, बायको मेली की नवरा 'जादा' ठरतो. जादा स्त्रीचा बंदोबस्त सतीनं किंवा सक्तीच्या वैधव्यानं केला, जादा पुरुषाची सोय अल्पवयीन मुलीशी लग्न लावून केली. म्हणजे स्त्रीच्या देहावरचं नियंत्रण हे जातीचं कुलूप आहे, हे सूत्र बाबासाहेबांनी १९१६ साली मांडलं. शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे बाबासाहेबांचं हेच लेखन स्त्रीवादी अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणलं, कारण मुख्य प्रवाहाच्या समाजशास्त्रानं आणि स्त्रीवादानं ते बाजूला ठेवलं होतं.

त्याच निबंधात दुसरा मुद्दा आहे. एका वर्गानं दार लावून घेतलं, तर इतरांनी का लावलं? बाबासाहेब गॅब्रिएल टार्ड या फ्रेंच विचारवंताच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतात: ज्याला प्रतिष्ठा आहे त्याची नक्कल होते, आणि जो जितका जवळ तो तितकी जास्त करतो. आता समाजशास्त्राचं पुस्तक उघडा. वरच्या जातींच्या चालीरीतींचं अनुकरण करून खालच्या जाती वर सरकू पाहतात, याला 'संस्कृतीकरण' म्हणतात आणि ते एम. एन. श्रीनिवास यांच्या १९५२ च्या ग्रंथाच्या नावावर आहे. दोन्ही मांडण्या एकच आहेत असा आमचा दावा नाही. श्रीनिवास जातीच्या वर सरकण्याबद्दल बोलतात, बाबासाहेब जातीच्या पसरण्याबद्दल. पण जातीतल्या अनुकरणाचा विचार शिकवताना छत्तीस वर्षं आधीच्या मांडणीचा उल्लेखही होऊ नये, याला निव्वळ विसर कसं म्हणायचं?

काही विद्यापीठांत आता बाबासाहेबांवर घटक आला आहे, हे खरं. पण आम्ही पाहिलेल्या अभ्यासक्रमांत तो बहुधा वरच्या वर्गात येतो आणि अनेकदा 'समाजसुधारक' म्हणून येतो. सिद्धांत घुर्ये-श्रीनिवासांचा, सुधारणा फुले-आंबेडकरांची, ही वाटणीच जातीची आहे. गोपाळ गुरू यांनी २००२ साली समाजविज्ञानांतल्या याच श्रमविभागणीवर बोट ठेवलं होतं: सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती पुरवणारे शूद्र.

अमेरिकेतही हेच घडलं. डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीत घरोघरी जाऊन पाहणी केली आणि १८९९ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. तरी कित्येक दशकं तिथल्या पाठ्यपुस्तकांत समाजशास्त्राचे संस्थापक म्हणून गोऱ्या युरोपीय पुरुषांचीच नावं राहिली. १९४६ साली बाबासाहेबांनी या डु बॉईसना पत्र लिहिलं आणि त्यांनी उत्तरही दिलं. समाजाचा अभ्यास मुक्तीसाठी करणारी ही दोन माणसं एकमेकांना ओळखत होती. त्यांची ओळख नव्हती ती पाठ्यपुस्तकाला. आज तिथे डु बॉईस पहिल्या धड्यांत दिसू लागले आहेत. ते आपोआप झालं नाही, काळ्या अभ्यासकांनी भांडून मिळवलं.

इथे चळवळीतले काही मित्र म्हणतात, "हे सगळं ब्राह्मणी ज्ञान आहे. वाचायचंच कशाला?" या मताशी आम्ही ठाम असहमत आहोत. १९१६ चा निबंध काढून बघा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर, चौघांच्या व्याख्या बाबासाहेब आधी समोर मांडतात, एकेक तपासतात, केतकरांचं जिथे पटतं तिथे श्रेय देतात आणि मगच आपलं म्हणणं ठेवतात. नाकारण्यासाठी आधी वाचावं लागतं. न वाचता नाकारणं आणि न समजता पाठ करणं, दोन्हींत प्रस्थापितांचंच फावतं.

शिवाय हा पहिला पेपर नीट वाचला तर हत्यारांची पेटी आहे. अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा हा फरक कळला की, कलेक्टर झालेल्या माणसालाही 'कोट्यातला' का म्हणतात ते समजतं. अर्जित दर्जाच्या पाठीमागून अर्पित दर्जा चालत येतो. सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली सांगितलेला वैयक्तिक अडचण आणि सार्वजनिक प्रश्न हा भेद घ्या. एका मुलीची शिष्यवृत्ती अडकली तर ती तिची अडचण. अख्ख्या वर्गाची अडकली तर तो व्यवस्थेचा प्रश्न, आणि त्यावर अर्ज नव्हे, मोर्चा निघतो. डेव्हिस आणि मूर यांचा १९४५ चा सिद्धांत घ्या: महत्त्वाच्या पदांवर लायक माणसं यावीत म्हणून समाजाला विषमता लागते. 'मेरिट'वाल्यांचा युक्तिवाद हाच. त्याला मेल्विन ट्युमिन यांनी १९५३ सालीच उत्तर दिलं, की विषमता लायक माणसं शोधू देतच नाही, कारण खालच्यांना संधीच मिळत नाही. आरक्षणावरच्या वादात आपला तरुण रागावतो, पण हे उत्तर त्याच्या जिभेवर नसतं. ते त्याच्याच दप्तरातल्या पुस्तकात असतं.

आणि हत्यार खरं असेल तर ते आपल्याकडेही वळतं. जातीचा गाभा जातीतच लग्न हा असेल, तर आपल्या वधू-वर मेळाव्यांकडेही त्याच नजरेनं पाहावं लागेल. बायोडाटात 'बौद्ध' लिहून घरात पोटजात विचारली जाते का? मातंग, चर्मकार, भटक्या-विमुक्त घरांशी सोयरीक करायला आपण तयार आहोत का? हे प्रश्न कडू आहेत. पण निबंधाचा गौरव करायचा आणि त्याचा निष्कर्ष दारातच थांबवायचा, हे बाबासाहेबांना मानवलं नसतं.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. ज्यांचा समाजशास्त्राचा पहिला पेपर आहे, त्यांनी गाईड बाजूला ठेवून मूळ पुस्तक वाचावं आणि जातीच्या धड्यासोबत १९१६ चा निबंध वाचावा. महाराष्ट्र शासनाच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात तो वीसेक पानांचा आहे, मराठी भाषांतरंही मिळतात. उत्तरपत्रिकेत सहा वैशिष्ट्यं लिहा, मार्क सोडू नका. पण सातव्या परिच्छेदात बाबासाहेबांची यंत्रणा लिहा. प्रकल्पासाठी नेटवरून उतरवण्यापेक्षा आपल्याच वस्तीची पाहणी करा: किती घरं, कोण काय काम करतं, मुलगी कितवीत शाळा सोडते. आणि जे प्राध्यापक झाले आहेत, अभ्यास मंडळांवर बसले आहेत, त्यांनी बाबासाहेबांना 'सुधारक' या कप्प्यातून काढून पहिल्या वर्षाच्या पहिल्या पेपरात सिद्धांतकार म्हणून बसवण्यासाठी भांडावं.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं, ते आपल्या मुलांनी दुसऱ्यांच्या व्याख्या घोकाव्यात म्हणून खचितच नाही. पेपर आपला आहे. उत्तरही आपलंच लिहू.

जय भीम!