बाहेरचे आणि घरचे

जुलै महिना आला की महाविद्यालयांत दोन याद्या लागतात. एक प्रवेशाची, दुसरी खेळाडूंची. पहिली हल्ली संगणकाच्या पडद्यावरच उमटते. दुसरी मात्र अजूनही क्रीडाविभागाच्या दारावर, चार टाचण्या मारून, हाताने लिहिलेली आढळते. पहिल्या यादीची चिंता पालकांना अधिक, दुसरीची मुलांना. आणि दुसऱ्या यादीपुढे उभे राहून परतणाऱ्या मुलाचे दुःख पालकांना बहुधा कळतही नाही.

असाच एक मुलगा परवा संध्याकाळी माझ्याकडे आला. आमच्या शाळेच्या फुटक्या सिमेंटच्या मैदानावर बास्केटबॉल शिकला, आता इंदुरातल्याच एका महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात आहे. गेल्या हंगामात तो पहिल्या पाचांत खेळला होता. पावसाने भिजलेली छत्री दाराशी ठेवून तो बसला आणि बराच वेळ काही बोलेना. शेवटी म्हणाला, "सर, यंदा संघात पाच नवे घेतले. त्यातले तिघे बाहेरचे. एक भिलाईचा, एक राजनांदगावचा, एक जबलपूरचा. मी बारांत आहे, पण पाचांत नाही. खेळ सोडून द्यावा म्हणतो."

"बाहेरचे कसे आहेत?" मी विचारले.

"चांगले आहेत," तो नाइलाजाने म्हणाला. "तेच तर."

त्या 'तेच तर'मध्ये त्याचे सारे दुःख आले. नवा गडी वाईट असता तर तक्रार करणे सोपे झाले असते. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत हा खेळ चांगला रुजलेला आहे. तिथला मुलगा तयार होऊनच येतो, यात नवल नाही. पण दहा वर्षे ज्या गावात घाम गाळला त्या गावचा संघ, आणि त्यात आपली जागा काल आलेल्याने घ्यावी, हे एकोणीस वर्षांच्या मनाला कसे पटावे?

मी त्याला उपदेश केला नाही. उपदेश करण्याची सवय आम्हा मास्तर मंडळींना असतेच. परंतु भिजून आलेल्या मुलाला आधी चहा द्यावा, हे शहाणपण वयाने शिकवले आहे. चहा झाल्यावर मी त्याला याच गावच्या एका जुन्या संघाची गोष्ट सांगितली. खेळ निराळा, पण प्रश्न तोच. ती गोष्ट आज वाचकांपुढेही ठेवतो.

होळकरांचा क्रिकेट संघ हे इंदूरचे मोठे अभिमानस्थान. १९४१-४२ पासून 'होळकर' या नावाने तो रणजी करंडकासाठी खेळू लागला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत त्याने दहा वेळा अंतिम सामना गाठला आणि चार वेळा करंडक जिंकला. मुंबई-मद्रासच्या मानाने चिमुकले असे हे गाव. त्याने एवढा पराक्रम कोणाच्या बळावर केला? कर्णधार कर्नल सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. १९२३ मध्ये होळकर दरबाराने त्यांना इंदुरास आणले, तेव्हा तेही 'बाहेरचे'च होते. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू नागपूरचेच. चंदू सरवटे सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. अस्सल इंदुरी म्हणून ज्यांचे नाव प्रथम घ्यावे ते मुश्ताक अली. आणि तेही घडले ते बाहेरून आलेल्या नायडूंच्या नजरेखाली. १९३६ साली मँचेस्टरला परदेशातले पहिले भारतीय कसोटी शतक झळकले ते या इंदुरी फलंदाजाचे. नायडू इंदुरास आले नसते तर मुश्ताक कदाचित गल्लीतलेच नामांकित खेळाडू राहिले असते.

म्हणजे बाहेरच्याने घरच्याची जागा घेतली असे म्हणावे, की घरच्याला जागा करून दिली असे म्हणावे?

गोष्टीचा खरा भाग यापुढे आहे. १९४५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर होळकर आणि मुंबई यांचा अंतिम सामना झाला. महायुद्धामुळे इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन तेव्हा लष्करी नोकरीत आपल्या शेजारच्या महूला होता. होळकरांनी त्याला संघात घेतले. याहून मोठी भरती कोणत्या संघाने केली असेल? आणि कॉम्प्टननेही विश्वासघात केला नाही. दुसऱ्या डावात तो नाबाद २४९ धावा काढून उभा राहिला. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १०९ आणि १३९. सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून दीडशेहून अधिक षटके टाकली. एवढे सारे होऊनही होळकर हरले, आणि थोडेथोडके नव्हे, ३७४ धावांनी.

आता कल्पना करा, त्या वर्षी इंदुरच्या एखाद्या ओट्यावर पुढच्या हंगामाची चर्चा कशी झाली असेल! कॉम्प्टन तर राहणार नव्हता. कर्णधार पन्नाशीला आलेला. 'आता काही खरे नाही' असेच शहाण्यांनी म्हटले असणार. आणि पुढच्याच, म्हणजे १९४५-४६ च्या हंगामात होळकरांनी करंडक पहिल्यांदा जिंकला. त्या वाटेवर म्हैसूरविरुद्ध, इथे इंदुरातच, ८ बाद ९१२ धावांचा डोंगर रचला गेला. त्या एका डावात सहा जणांनी शतके काढली: भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. एका डावात सहा शतके हा विक्रम होता. या सहांत मुश्ताक अलींचे नाव नाही आणि कॉम्प्टन तर मायदेशी गेलेला. एकट्याच्या २४९ धावांनी जे साधले नाही ते सहा जणांनी शंभर-शंभर, दीडशे-दीडशेचा वाटा उचलून साधले.

मुलगा इथे थोडा सावरून बसला. मी म्हटले, "थांब, गोष्ट संपली नाही." १९४६-४७ च्या हंगामात हाच विजेता संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला. त्याच्याविषयी कोणीही भविष्य वर्तवले असते तर ते विजयाचेच. पण बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली आणि होळकर एक डाव व ४०९ धावांनी हरले. अशा पराभवानंतर संघ फुटतात, एकमेकांकडे बोटे दाखवली जातात. होळकर फुटले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९४७-४८ मध्ये, मुंबईला नमवून त्यांनी करंडक परत आणला.

पुढच्या हंगामाचे भाकीत नव्या गड्यांची नावे वाचून करता येत नाही, हे या तीन वर्षांवरून दिसून येईल. नवे आल्यावर जुने काय करतात, यावर बरेचसे अवलंबून असते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, ही झाली बाहेरच्यांची वकिली. घरच्या मुलांचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही होळकर संघाच्याच चरित्रात आहे. १९४८ साली संस्थान विलीन झाले. राजाश्रय ओसरला. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यानंतर 'होळकर' हे नावही स्पर्धेतून गेले. पुढे मध्य भारत आणि मग मध्य प्रदेश या नावाने संघ खेळू लागला. १९५२-५३ नंतर इथे करंडक आला तो थेट २०२२ साली. मधली जवळजवळ सत्तर वर्षे कोरडी गेली. बाहेरून पाणी आणून हौद भरता येतो. झरा मात्र घरच्याच जमिनीत खणावा लागतो. नायडू-सरवट्यांसारखी माणसे इथेच राहिली म्हणून काही झरे जिवंत राहिले. जगदाळ्यांच्या घरात पुढच्या पिढीनेही हा खेळ सांभाळला. परंतु एकंदरीत शाळा-शाळांतून, मैदाना-मैदानांतून नवी रोपे लावण्याचे काम त्या वैभवाच्या काळात पुरेसे झाले नाही, असे मला एक शिक्षक म्हणून वाटते.

आणि २०२२ चा करंडक आणला कोणी? प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मुंबईचे. खेळाडू म्हणून ते उत्तरायुष्यात मध्य प्रदेशाकडे आले आणि १९९८-९९ मध्ये बंगळुरास अंतिम सामन्यात कर्णधार होते. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळूनही कर्नाटकाकडून ९६ धावांनी हार पत्करावी लागली. ते शल्य घेऊन हा माणूस तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर परतला आणि २६ जून २०२२ रोजी त्याच्या संघाने अंतिम सामना जिंकला, तोही मुंबईविरुद्ध, सहा गडी राखून. मधल्या काळात, १ जानेवारी २०१८ रोजी, याच पंडितांच्या विदर्भ संघाने आपला पहिला रणजी करंडक जिंकला तो इंदुरच्या होळकर मैदानावर. नागपूरने एके काळी आपल्याला नायडू दिले; नागपूरकरांचे पहिले यश पाहण्याचे भाग्य आपल्या गावास लाभले. हिशेब असे फिटतात.

२०२२ च्या त्या संघात घरचा रजत पाटीदार होता; अंतिम सामन्यात त्याने १२२ धावा काढल्या. आणि त्याच संघात कुमार कार्तिकेय होता, उत्तर प्रदेशातून निघालेला, दिल्लीत संधी न मिळालेला, कारखान्यात मजुरी करून सराव केलेला आणि शेवटी शहडोलमार्गे मध्य प्रदेशाच्या संघात पोहोचलेला फिरकी गोलंदाज. काहीतरी करून दाखवीन तेव्हाच घरी जाईन, असे ठरवून तो नऊ वर्षांहून अधिक काळ घरी गेला नव्हता. त्या हंगामात त्याने ३२ बळी घेतले आणि मग आईला भेटावयास गेला. ज्याला आपण सहज 'बाहेरचा' म्हणतो, त्याने बाहेर पडताना काय मागे ठेवले असते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

हे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "पण सर, मी बाकावर बसून काय करू?"

बास्केटबॉलचे मला जे थोडे कळते त्यावरून एक गोष्ट सांगता आली. क्रिकेटमध्ये अकरांबाहेर राहिलेल्याला बहुधा क्षेत्ररक्षणासाठीच बोलावतात. या खेळात तसे नाही. मैदानावर पाच, पण संघ बारांचा. दहा-दहा मिनिटांचे चार खंड, आणि गडी कितीही वेळा आत-बाहेर होऊ शकतो. ज्याचे पाच फाउल झाले तो त्या सामन्यातून बाद. त्यामुळे चौथ्या खंडाच्या अखेरीस, जेव्हा दोन-चार गुणांवर सामना लोंबकळत असतो, तेव्हा पहिले पाच मैदानावर असतीलच असे नाही. तेव्हा सहावा किंवा सातवा गडी कसा आहे, त्याचा हात ताजा आहे की मन कडू झाले आहे, यावर निकाल लागतो. शिवाय जुना गडी नव्याला जे देऊ शकतो ते प्रशिक्षकालाही देता येत नाही. प्रतिस्पर्धी कोण कसे खेळतात, कोणत्या मैदानाची फरशी पावसाळ्यात घसरते, आपला कोणता सोबती डाव्या बाजूने चेंडू मागतो, हे भिलाईच्या मुलाला कोण सांगणार?

पुढच्या हंगामाविषयी मत द्यावयाचे तर मी एवढेच म्हणेन: त्या संघाची उंची वाढली आहे, वेग वाढला आहे, याबद्दल शंका नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तो पुढे जाईलही. पण डिसेंबरात, घरापासून दूर एखाद्या सामन्यात दहा गुणांनी मागे पडल्यावर हे बारा जण एकमेकांना हाका मारतात की एकमेकांकडे बोटे दाखवतात, ते आता, जुलै-ऑगस्टातच ठरत आहे.

आणखी एक विचार मनात आला. तो मुलाला सांगितला नाही, वाचकांना सांगतो. आपण जे इंदूरचे मराठी म्हणवतो, ते तरी कोण? कोणाचे पूर्वज मल्हाररावांच्या फौजेबरोबर आले, कोणाचे आजोबा दरबारच्या नोकरीसाठी, कोणाचे वडील रेल्वेत किंवा गिरणीत. एके काळी या माळव्याच्या मातीत आपण सारेच नवी भरती होतो. इथल्या लोकांनी आपल्याला बाकावर बसवून ठेवले नाही. आज आपण पोह्यांवर शेव भुरभुरवतो, आपल्या मराठीत हिंदी मिसळते आणि गणपतीच्या आरतीला शेजारची मालवी मंडळी आपल्याहून मोठ्याने टाळ्या वाजवतात. बाहेरच्याला घरचा करण्याची विद्या या गावाने आपल्याला शिकवली. ती पुढे देणे आपल्याकडे लागू आहे.

गेल्या रविवारी तो मुलगा पुन्हा आला. खेळ सोडण्याची गोष्ट त्याने काढली नाही, मीही नाही. निघताना दाराशी घुटमळला आणि म्हणाला, "सर, तो भिलाईचा मुलगा खानावळीत जेवतो. तिथलं त्याला सोसत नाही. आई म्हणते, गणपतीला त्याला घरीच बोलव. पण तो नुसताच मोदक बघत बसेल, त्याला कसे खायचे ते माहीत नाही."

"तू शिकव," मी म्हटले.

"ते शिकवीन," तो म्हणाला. "त्याच्याकडून मला तो उडी मारतानाचा फेक शिकायचा आहे."

छत्री उघडून तो पावसात गेला. पहिल्या पाचांत त्याला जागा मिळेल की नाही, ते हंगाम सांगेल.