समाधान कोणी कोणाला सांगावं?

समाधानाचा उपदेश आपल्याकडे फुकट मिळतो आणि बहुधा पोट भरलेल्या माणसाकडूनच मिळतो. निवृत्तिवेतन सुरू झालेलं असतं, दोनपैकी एक फ्लॅट भाड्याने गेलेला असतो, मुलगा परदेशात स्थिरावलेला असतो. मग एखाद्या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून ऐकू येतं की पैशाने सुख विकत घेता येत नाही, आहे त्यात समाधान मानायला शिका. श्रोते माना डोलावतात, कारण त्यांच्यापैकीही बहुतेकांचं बरं चाललेलं असतं.

या मताचं खंडन करायचं तर आधी ते प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे. त्यात तीन विधानं आहेत. वस्तू मिळाल्याचा आनंद टिकत नाही, हे पहिलं. गरजा वाढवाव्यात तितक्या वाढत जातात, हे दुसरं. तेव्हा माणसाने जे आहे त्यात समाधानी राहावं, हे तिसरं. पहिली दोन बरीचशी खरी आहेत. नव्या गाडीचं कौतुक पहिल्या ओरखड्यापर्यंत टिकतं, हे गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण या दोहोंवरून तिसरं निघत नाही. नव्या गाडीचा आनंद विरतो म्हणून आईच्या औषधाच्या पैशाची चिंताही विरते, असं कोणत्या तर्काने म्हणायचं? हौस आणि नड या दोन वेगळ्या गोष्टी एकाच पारड्यात टाकल्याशिवाय हा उपदेश उभाच राहत नाही.

नड माणसाच्या मनाचं काय करते, याचा एक अभ्यास आपल्याच देशातला आहे. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर सारखीच बौद्धिक चाचणी घेण्यात आली. ऊसवाल्याकडे वर्षाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा एकदम येतो, त्यामुळे तोडणीआधीचे महिने ओढगस्तीचे जातात. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा होता, की तोच शेतकरी हाती पैसा नसताना चाचणीत कमी पडतो आणि पैसा आल्यावर सुधारतो. त्याची अक्कल काही महिन्यांत वाढलेली नसते. उसनवारी, दुकानदाराची उधारी आणि गहाण ठेवलेले दागिने यांच्या हिशेबातून डोकं मोकळं झालेलं असतं, एवढंच. असं गुंतलेलं डोकं घेऊन जगणाऱ्याला ‘मन शांत ठेवा’ म्हणणं म्हणजे त्याच्या मनात काय चाललं आहे हे न विचारताच सल्ला देणं.

उपदेशकांचा आवडता दाखला अमेरिकेतला असतो. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० साली दाखवलं, की वर्षाला साधारण ७५ हजार डॉलर मिळकतीनंतर रोजच्या सुखदुःखात पैशाने फारसा फरक पडत नाही. दाखला इथेच थांबवला जातो. त्याच लेखात पुढे असंही होतं, की ‘एकंदर आयुष्य कसं चाललंय?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या मिळकतीनंतरही सुधारतच राहतं. पुढे २०२१ साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना रोजच्या सुखातही अशी मर्यादा आढळली नाही. तेव्हा स्वतःचाच निष्कर्ष तपासायला कानमन त्यांच्याबरोबर बसले आणि २०२३ सालच्या संयुक्त लेखातून वेगळं उत्तर आलं. बहुतेकांचं सुख मिळकतीबरोबर वाढत जातं. मुळातच फार दुःखी असलेल्या थोड्या लोकांच्या बाबतीत ते एका मर्यादेनंतर थांबतं. वियोग, नैराश्य, तुटलेली नाती यांवर पैसा काही पातळीपलीकडे उतारा ठरत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. हा निष्कर्ष समंजस आहे, पण व्याख्यानात टाळी घेणारा नाही. म्हणून तो व्याख्यानात येत नाही.

आपल्याकडचा लाडका दाखला गोपाळ गणेश आगरकरांचा. शिकत असताना त्यांनी आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मोठ्या परीक्षा देणारा मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ मी लोकांच्या कामी लावणार आहे, असा त्याचा आशय. हे पत्र निरिच्छपणाचा आदर्श म्हणून पिढ्यानपिढ्या वाचलं गेलं. मात्र त्यातली एक गोष्ट वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. ज्याला मोठा पगार मिळू शकत होता, त्याने तो नाकारला होता. आणि पोटापुरतं हवंच, हेही त्याच पत्रात होतं.

पुढची हकिकत तर उपदेशक सांगतच नाहीत. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. सोसायटीच्या आजीव सभासदांनी किती वेतनावर राहायचं यावरून टिळक आणि आगरकर यांच्यात वाद झाला. संसाराचा खर्च वाढल्यावर आगरकरांनी पगारवाढीची सूचना मांडली आणि टिळकांनी त्यागाच्या तत्त्वावर तिला विरोध केला. टिळकांची घरची स्थिती आगरकरांपेक्षा बरी होती. मतभेद इतरही होते, आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. टिळकांच्या त्यागाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण घरी थोडाफार आधार असलेल्या माणसाचा त्याग आणि टेंभू गावच्या गरिबीतून आलेल्या, दम्याने खंगलेल्या माणसाचा त्याग एकाच मापाने मोजणं न्यायाचं नव्हतं. ज्याने आईला ते पत्र लिहिलं त्यानेच पगारवाढ मागितली, यात विसंगती शोधणाऱ्याला त्या पत्रातलं ‘पोटापुरतं’ कळलेलंच नाही. पोटं वाढली तशी त्या पोटापुरत्या रकमेतही वाढ व्हायला हवी होती.

इथवरचं खंडन वाचून काही मंडळी खूश होतील. कारण दुसऱ्या टोकाला त्यांचा तंबू आहे. मोठ्या हॉटेलच्या सभागृहात, हजारो रुपयांच्या प्रवेशशुल्कावर, ही मंडळी ‘श्रीमंतीची मानसिकता’ शिकवतात. गरिबी ही विचारांची गरिबी आहे, तुमची मिळकत म्हणजे तुम्ही स्वतःला दिलेली किंमत आहे, ती वाढवा म्हणजे पैसा धावत येईल, असा त्यांचा सिद्धांत. तो खरा मानला तर राज्यात सर्वांत हलक्या विचारांची माणसं ऊसतोडीला जातात असं म्हणावं लागेल. पहाटे कडाक्याच्या थंडीत फडात उतरणाऱ्या बाईच्या मजुरीचा तिच्या आत्मविश्वासाशी काय संबंध? ती मुकादमाच्या उचलीशी आणि ठरलेल्या दराशी बांधलेली असते.

माणसाचं मोल पैशात मोजण्याचा तोटा मात्र ज्यांना पैसा मिळतो त्यांनाही सोसावा लागतो. नेदरलँड्समध्ये एक लॉटरी पोस्टाच्या पिनकोडवर निघते. एखाद्या गल्लीचा कोड लागला की तिथल्या तिकीटधारकांना मोठी रक्कम मिळते आणि एकाला मोटारही. अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिलं, की ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं असे शेजारीही नंतर नव्या गाड्या घेण्याकडे वळले. आणि सहा महिन्यांनी पाहिलं तर बक्षीस जिंकलेली घरं इतरांपेक्षा सुखी झालेली नव्हती. जिंकणाऱ्याला सुख नाही आणि न जिंकणाऱ्याला खर्च. आपल्याकडे असा खेळ लॉटरीशिवायच चालतो. सोसायटीत एकाने इंटिरियर केलं की बाकीच्यांच्या भिंती जुन्या दिसू लागतात. मुलाला ‘पॅकेज किती?’ हा प्रश्न त्याच्या नावाच्या आधी विचारला जातो. लग्नात ड्रोन, प्री-वेडिंग आणि तीन दिवसांचे कार्यक्रम होतात, आणि ज्या पाहुण्यांवर छाप पाडायची होती ते ‘जेवणात दम नव्हता’ म्हणत घरी जातात.

टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांनी १९९३ पासून हाच धागा तपासला. आर्थिक यश ज्यांच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी असतं त्यांच्यात अस्वस्थता आणि उदासी अधिक आढळते. कॅसर यांनी पुढे हेही दाखवलं, की असुरक्षितपणात वाढलेली माणसं वस्तूंना अधिक चिकटतात. म्हणजे ज्याला आपण हाव म्हणून हिणवतो ती पुष्कळदा भीती असते. भीती गेल्याशिवाय हाव जात नाही आणि उपदेशाने भीती जात नाही. इथे दोन्ही तंबू एकदम कोसळतात.

आता एक आक्षेप माझ्याच बाजूवर घ्यायला हवा. माणसाचं मोल वस्तूंवर नसतं असं म्हणणंही अर्धवट आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं, की अस्पृश्य म्हणून ओळखू यावी अशी लुगडं नेसण्याची पद्धत आणि तसे दागिने टाकून द्या. तिथे कपडा हा चैनीचा विषय नव्हता, माणूसपणाच्या दाव्याचा होता. ज्यांच्या अंगावर काय असावं हे शतकानुशतकं दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांना ‘कपड्यांत काय आहे?’ असं विचारण्याचा नैतिक अधिकार कोणाला पोचत नाही. मग १८८८ साली पुण्यात ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्काराला महात्मा फुले दागदागिन्यांनी नटलेल्या प्रतिष्ठितांच्या मेळाव्यात शेतकऱ्याच्या वेशात गेले, त्याचं काय? एकाने चांगलं ल्यायला सांगितलं, दुसऱ्याने साधं घालून दाखवलं. दोन्ही कृतींचं मूळ एकच आहे. माझं मोल माझ्या कपड्यांवरून तुम्ही ठरवायचं नाही, ते मी ठरवीन.

माझा पक्ष यावरच उभा आहे. समाधान म्हणजे नकार देता येणं. मोठा पगार, वाईट मालक, अपमानाची नोकरी, शेजाऱ्याशी स्पर्धा, यांना ज्याला ‘नको’ म्हणता येतं तो समाधानी. ज्याला नकार परवडतच नाही त्याच्या गप्प राहण्याला समाधान म्हणू नये. मनाच्या दृष्टीने पैशाचा सर्वांत मोठा उपयोग वस्तू आणण्याचा नसून नकाराची ऐपत देण्याचा आहे. आगरकरांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. मेल्यावरही कुणाचं मिंधं व्हायचं नाही, एवढाच त्या पैशाचा अर्थ होता.

हा पक्ष व्यवहारात उतरवायचा तर क्रम पाळावा लागतो. पहिलं काम भीती घालवण्याचं. महिना तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढणारी क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ध्यानशिबिरापेक्षा ती आधी फेडावी, त्याने जास्त शांत झोप लागेल. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणं आणि आजारपणाचा विमा काढणं ही मनःशांतीचीच साधनं आहेत. दुसरं काम मर्यादा आखण्याचं, आणि ती पैसा येण्याआधी आखावी. पगार वाढल्यावर गरजा ठरवायला बसलो तर पगारच गरजा ठरवतो. तिसरं काम उरलेला पैसा एखाद्या कार्याला लावण्याचं, आणि ते कार्य स्वतःपेक्षा मोठं असावं. फुले कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. पैसा मिळवण्याची त्यांना लाज नव्हती आणि तो सार्वजनिक कामात घालताना हात आखडला नाही. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या आणि हातात गाडगं, पण पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा ज्या पैशातून उभ्या राहिल्या तो त्यांच्या शब्दावर लोकांनी दिला. हे बाबा कीर्तनात पैसा वाईट असं सांगत नसत. कर्ज काढून लग्नं आणि सण करू नका आणि पोरांना शिकवा, असं सांगत.

शेवटचा आक्षेप राहतो. मर्यादा आखली तर महत्त्वाकांक्षा मरेल, देश मागे पडेल. थोडक्यावर जगायचं ठरवलेल्या आगरकरांनी चाळिशीही न गाठलेल्या आयुष्यात शाळा उभारली, महाविद्यालय चालवलं, ‘सुधारक’ हे पत्र काढलं आणि आख्ख्या पुण्याशी वैर पत्करलं. पैशाची हाव सोडली म्हणून माणूस आळशी होतो हे खरं नाही. उलट जी शक्ती शेजाऱ्याच्या गाडीकडे बघण्यात जाते ती कामाला मोकळी होते. पोटाची चिंता मिटली नसेल, तर मात्र ती मोकळी होत नाही.

म्हणून समाधान स्वतःपुरतं ठरवावं, दुसऱ्याला सांगू नये. सांगायची ऊर्मी फारच दाटून आली तर घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा पगार वाढवावा, त्यांना महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या द्याव्यात आणि त्यांच्या मुलीची फी भरावी. त्यानंतर त्यांनी समाधानी राहायचं की आणखी मागायचं, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.