संशोधकाची निवड की स्मरणशक्तीची?

कायद्याची पदव्युत्तर पदवी संपादन करून पीएच.डी.साठी अर्ज करू पाहणाऱ्या तरुणास आज पहिला प्रश्न विचारला जातो तो 'तुम्हांस कशाचा शोध घ्यावयाचा आहे?' हा नव्हे, तर 'तुमचे गुण किती?' हा होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च 2024 मध्ये 'नेट' परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचे ठरविले. संशोधन शिष्यवृत्तीस पात्र न ठरलेल्या उमेदवारांच्या बाबतीत या गुणांस 70 टक्के आणि मुलाखतीस 30 टक्के भार देण्यात आला. एकाच परीक्षेने अनेक विद्यापीठांची दारे ठोठावता यावीत, हा यामागील हेतू स्तुत्यच आहे. परंतु सगळा भार एका खांबावर टाकला की तो कसा डळमळतो, हे थोड्याच महिन्यांत दिसून आले. 18 जून 2024 रोजी झालेली ही परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि नऊ लाखांहून अधिक उमेदवार टांगणीस लागले.

तथापि आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. तीन तासांत दीडशे प्रश्नांची तयार उत्तरे निवडणाऱ्याची स्मरणशक्ती कळते. त्याची जिज्ञासा कळत नाही. कायद्यात तर एकाच प्रश्नाला दोन सबळ बाजू असतात आणि त्या तोलण्यातच अभ्यासकाचा कस लागतो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे गरीब कैदी तुरुंगातच का राहतो, हे कोणत्याही पर्यायी उत्तरात सापडणार नाही. त्यासाठी न्यायालयांची दप्तरे चाळावी लागतील, तुरुंगाच्या दारापर्यंत जावे लागेल. महामहोपाध्याय काणे यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड 1930 ते 1962 या काळात सिद्ध केले. तसल्या चिकाटीचे माप कोणत्या उत्तरपत्रिकेत घेणार?

अर्जदारांचीही जबाबदारी आहेच. मार्गदर्शक जो विषय देईल तो घेऊ, या वृत्तीने आलेल्याने पदवी मिळेल. ज्ञानात भर पडणार नाही. शिवाय आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि साहाय्यक प्राध्यापकास चारच संशोधक घेता येतात. मर्यादा योग्यच, पण अध्यापकांची पदे रिकामी ठेवली की संशोधकांच्या जागाही आपोआप नाहीशा होतात, याचे भान शासनाने ठेवावयास हवे.

नेटची चाळणी राहू द्यावी. परंतु मुलाखतीपूर्वी प्रत्येकाचा संशोधन-आराखडा दोन अध्यापकांनी काळजीपूर्वक वाचावा, मुलाखतीच्या गुणांत त्यास मोठा वाटा द्यावा आणि नाकारलेल्यास नकाराची कारणे लेखी कळवावीत. कारणे न देता केलेला निवाडा सदोष असतो, हे कायद्याचे अध्यापक वर्गात नित्य शिकवितात. तो धडा त्यांनी आपल्या प्रवेशखोलीतही गिरवावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.