फोटो नको, तासिका द्या

शाळा सुरू झाल्यापासून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : श्लोकपठणाचा अहवाल. एका तालुक्यातल्या आदेशानुसार परिपाठात गीतेचे किंवा मनाचे श्लोक म्हणवून घ्यायचे, जिओटॅग फोटो काढायचा, चित्रफितीची लिंक गुगल फॉर्ममध्ये भरायची आणि पाचच्या आत केंद्रप्रमुखांना अनुपालन कळवायचे. फॉर्ममध्ये पटसंख्या आहे, उपस्थिती आहे, श्लोकसंख्या आहे. मुलांना अर्थ कळला का, हा रकाना नाही. रेंज नसलेल्या वाडीवरच्या एका शिक्षिकेने शाळा सुटल्यावर टेकडी चढून चित्रफीत पाठवली. दुसऱ्या दिवशी फोटोत शाळेचा फलक दिसत नाही म्हणून त्यांच्याकडे खुलासा मागितला.

हा ग्रंथांचा सन्मान नव्हे. २०२४मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यावरून रण माजले, पण हे श्लोक शिकवायचे कोणत्या तासिकेला आणि कोणत्या साधनाने, यावर चर्चा झालीच नाही. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पारंपरिक ज्ञान अचूकपणे, शास्त्रीय पद्धतीने विषयांत गुंफायला सांगते. फोटो काढायला सांगत नाही.

गुंफणे म्हणजे काय ते भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात पाहा. खांब नऊ हात उंच, वर मोर, बुडाशी बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला; मोराने तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ कुठे पडली? दहावीच्या पायथागोरसच्या प्रकरणात हे फळ्यावर काढा. मुले आधी मोराच्या बाजूने आणि सापाच्या बाजूने भांडतात, मग कोणीतरी सापाचे उरलेले अंतर क्ष धरते आणि बिळापासून १२ हात हे उत्तर वर्गातूनच येते. त्यानंतर मूळ श्लोक वाचला की मुले कान देऊन ऐकतात.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापला आणि त्याला दाने मिळाली, असे चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख सांगतो. आठशे वर्षांपूर्वी आधी शिकवण्याची सोय झाली होती. आज आदेश आधी येतो, पुस्तक येतच नाही.

आपल्यातल्या काहींनाही सांगायला हवे. १९६५च्या ‘वैदिक गणित’ पुस्तकातली सूत्रे उपलब्ध वेदसंहितांत सापडत नाहीत. आकडेमोडीच्या युक्त्या म्हणून ती जरूर शिकवा, पण वेदांचा हवाला देऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पाठटाचणात उतरवणे तर बंदच करा. वर्गात सगळ्या घरांतली मुले बसतात. त्यांना शंका विचारता आली पाहिजे आणि आपल्याला मूळ पान दाखवता आले पाहिजे.

म्हणून कामाला लागा! गणित, मराठी, संस्कृत, इतिहास, कोणताही विषय घ्या. एक श्लोक किंवा एक उदाहरण निवडा, वर्गात घेऊन पाहा. ग्रंथ, आवृत्ती, पान आणि मुलांनी विचारलेले प्रश्न यांसह टाचण येत्या १५ तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून ती छापू. आणि पुन्हा लिंक मागितली, तर मुख्याध्यापकांमार्फत लेखी विचारा : यासाठी तासिका कोणती दिली आहे?