घरांतलें चित्रगृह : यंत्र कोणतें घ्यावें ?

आमच्या अंबाजोगाईच्याच एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. घरीं मोठा टीव्ही आलाच आहे. आतां त्यास जोडावयास रिसीव्हर व सात स्पीकर पाठविण्याचा चिरंजीवांचा बेत आहे. भगिनी लिहितात कीं, सासूबाईंस संवाद ऐकूं येत नाहींत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच धडाक्यास त्या उठून आंत जातात. सात स्पीकरांनीं हें बरें होईल काय? प्रश्न यंत्राचा दिसतो खरा. पण घरांतील वडील माणसानें चौघांत बसावें कीं एकटें आंत बसावें, हा त्याचा गाभा आहे.

रिसीव्हर हा या संसारांतला कारभारी होय. चित्र तो पडद्याकडे धाडतो व ध्वनीची वांटणी करून ज्याचा वांटा त्यास देतो. '५.१' म्हणजे पांच स्पीकर आणि एक केवळ खर्जासाठीं असलेला सबवूफर. समोर डावा, उजवा व मधला. श्रोत्याच्या दोन्ही बाजूंस किंचित् मागें उरलेले दोन. चित्रपटांतील संवाद बहुतेक मधल्यांतून येतात. तेव्हां सासूबाईंचें औषध सातांत नाहीं, या एकांत आहे. रिसीव्हरावर एकट्या मधल्याचा आवाज दोन-तीन डेसिबल वाढवितां येतो. आणि रात्रीं ऐकण्यासाठीं जी योजना असते, ती स्फोट दाबून कुजबूज वर उचलते. या दोन सोयी आहेत ना, हें दुकानांत प्रथम विचारावें. त्याआधीं येथील स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत कान तपासून घेतले, तर अधिकच उत्तम.

वॅटांच्या आंकड्यास भुलूं नये. दोनच स्पीकर चालवून, एकाच सुरावर मोजलेला आंकडा मोठा दिसतो. २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत मोजलेला लहान, पण प्रामाणिक असतो. शक्ति दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेंच चढतो. कानास तो दुप्पट वाटावा तर शक्ति सुमारें दसपट लागते. ८० ऐवजीं १०० वॅटांस पैसे मोजणें म्हणजे जेमतेम एक डेसिबल विकत घेणें होय ! स्पीकर ४ ओहमांचे असल्यास ते रिसीव्हरास झेपतात कीं नाहीं, हें पुस्तिकेंत पाहावें; ६ वा ८ ओहमांचे घेणें निर्धोक.

चित्राविषयीं थोडक्यांत. ४के चित्र रिसीव्हरांतून जसेंच्या तसें पुढें जावें, आणि टीव्ही व रिसीव्हर दोहोंसही ईएआरसी असावें. म्हणजे टीव्हींतला ध्वनि त्याच एचडीएमआय तारेनें मागें येतो. याहून अधिक थाट मुख्यतः संगणकी खेळ खेळणारांसाठीं आहे.

खोलीचा विचार मात्र पुष्कळ करावा. मोकळ्या भिंती व गुळगुळीत फरशी ध्वनि उलट फेंकतात आणि शब्द गढूळ होतात. सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचें कपाट यांनीं जें साधतें, तें पुष्कळदां महाग यंत्रानेंही साधत नाहीं. माळवदाच्या जुन्या वाड्यांत जाड भिंती शेजार्‍यांस वांचवितात. नव्या इमारतींत तें भाग्य नाहीं. निवासी वस्तींत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातली आहे, तिचें स्मरण असावें.

वरातींतल्या कर्णकर्कश भिंतींस आपण 'डॉल्बी' म्हणतों. ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ पर्यंत युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतांतच होते, आणि १९६५ सालीं लंडनमध्यें त्यांनीं काढलेल्या संस्थेनें आरंभीं जें यंत्र केलें, तें ध्वनिफितींतील खरखर घालविण्याचें ! गोंगाट कमी करणाराचें नांव आपण गोंगाटासच दिलें.

तात्पर्य, चिरंजीवांस लिहावें कीं, सातांचा मोह सोडावा. समोरचे तीन उत्तम घ्यावे, बाजूचे दोन व सबवूफर मागाहून येतील. दुकानांत परीक्षा लढाईच्या देखाव्यावर करूं नये. दोन माणसें हळू बोलत आहेत असा प्रसंग लावावा. तो वडील माणसास न सांगतां समजला, तर यंत्र घरांत आणण्यास योग्य.