येऊ घातलेले आणि मोकळे

मराठीत ‘फोर्थकमिंग’ या शब्दाला प्रतिशब्द नाही, ही तक्रार परप्रांतातील मराठी अधिकाऱ्यांच्या बैठकींत इतकी रूढ झाली आहे की तिला आता कोणी पुरावाही मागत नाही. जबलपुरात ती विशेष ठसक्याने केली जाते. कचेरीत टिपण इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावयाचे, घरी मराठी बोलावयाचे, आणि मध्ये एखादा शब्द अडला की दारिद्र्याचा दोष मराठीच्या माथी मारावयाचा, असा हा परिपाठ आहे. आम्हांस ही तक्रार मुळातच अमान्य आहे.

या इंग्रजी विशेषणाला दोन अर्थ आहेत. लवकरच येणारी वस्तू, मग ते पुस्तक असो वा अंदाजपत्रक, हा एक. आणि न विचारता, आपण होऊन सांगणारा माणूस, हा दुसरा. कचेरीत मात्र शब्द बहुधा नकारासह येतो: ‘उत्तर फोर्थकमिंग नाही.’ वाक्य डौलदार खरे, पण उत्तर कोणी द्यावयाचे होते आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात कोठेच नाही. जणू उत्तर हे पावसासारखे आपोआप यावयाचे होते आणि यंदा आले नाही! ‘अमुक विभागाने उत्तर दिले नाही’ असे मराठीत सरळ म्हणता येते. ‘उत्तर प्राप्त झाले नाही’ असेही मराठीत लिहिले जाते, हे आम्ही जाणतो. परंतु ती मराठी त्याच इंग्रजी टिपणाच्या पोटी जन्मलेली आहे.

आता येणाऱ्या गोष्टींचा विचार करू. इंग्रजीतील ‘इमिनंट’ आणि ‘इंपेंडिंग’ हे दोन्ही शब्द लॅटिनमधून आले, आणि दोहोंच्या मुळाशी डोक्यावर लोंबणे हाच भाव आहे. मराठी माणूस प्रत्येक गोष्ट अशी डोक्यावर लोंबत ठेवीत नाही. परीक्षा ‘तोंडावर’ येते, पावसाळा तोंडावर येतो, घरचे कार्य तोंडावर येते. म्हणजे तयारी अपुरी आहे, हे त्या एका शब्दात येऊन गेले. कायदा ‘येऊ घातलेला’ असतो, म्हणजे कोणीतरी तो आणू पाहत आहे आणि अजून तो अडविता येईल. संक्रांत येऊ घातली, असे कोणी म्हणत नाही; ती यावयाचीच असते. ‘नियोजित’ वराची सुपारी फुटलेली असते; ‘भावी’ जावई अद्याप मुलीच्या आईच्याच मनात असू शकतो. उमेदवारी करणारा तरुण ‘होतकरू’ असतो, आणि होतकरू निवडणूक किंवा होतकरू वादळ मराठीत संभवत नाही. इतक्या छटा ज्या भाषेत घरोघरी वापरात आहेत, त्या भाषेच्या अधिकाऱ्याने निवडणूक, संकट, सभा आणि पुस्तक या सर्वांना एकच ‘आगामी’ चिकटवावा, याला काय म्हणावे? ‘आगामी’शी आमचे वैर नाही. तो संस्कृत आहे, सभ्य आहे. पण हिंदी वर्तमानपत्रातून तो तयार मिळतो म्हणून आपण तो उचलला, एवढीच त्याची पात्रता.

मोकळेपणाच्या शब्दांत तर याहून मोठी पडझड झाली आहे. ‘फ्रँक’ हे मुळात एका जमातीचे नाव. ‘कँडिड’च्या मुळाशी पांढरा रंग. दोन्ही शब्द मोठे कुलवंत. पण ‘फ्रँकली सांगायचे तर’ या प्रस्तावनेनंतर येणारे वाक्य बहुधा अगोदर तीनदा घासूनपुसून ठेवलेले असते. मराठीत मन मोकळे असते, दार उघडे असते आणि अधिवेशन खुले असते. माणूस स्पष्टवक्ता असला तर आदर मिळवितो, फटकळ असला तर शत्रू मिळवितो. हिंदीच्या सहवासात राहताना येथे विशेष सावध असावयास हवे, कारण शब्द तेच असून अर्थ फिरतात. हिंदीत ‘प्रांजल’ असते ती भाषाशैली. मराठीत प्रांजळ असतो तो माणूस, आणि त्याची कबुली. हिंदी वृत्तपत्रातला ‘खुलासा’ म्हणजे लपलेले उघडकीस आणणे. मराठी कचेरीतला खुलासा म्हणजे ज्याच्यावर ठपका आला त्याने दिलेले स्पष्टीकरण. एक शब्द आरोप करणाऱ्याच्या हाती, दुसरा आरोप झालेल्याच्या.

शब्द घडविणारे कमी पडले, असेही म्हणता येत नाही. जुन्या मध्यप्रदेशची राजधानी नागपूर असताना हिंदी आणि मराठी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या, आणि डॉ. रघुवीर यांनी तेथेच राहून राज्यकारभाराचे शब्द रचले. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली, जबलपुरास उच्च न्यायालय आले आणि मराठीचा येथील सरकारी आधार संपला. तिकडे महाराष्ट्राने 1960 साली भाषा संचालनालय स्थापन केले, त्याने कोश काढले. तेव्हा टंचाई शब्दांची नव्हे. टिपणात कर्त्याचे नाव आणि तारीख घालण्याची इच्छा नाही, आणि ती अनिच्छा परक्या विशेषणाच्या आड सुखाने बसते.

2005 सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ही आडोशाची जागा बरीच मोडली आहे. त्याचे चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास सांगते की, आपल्या कारभाराची माहिती कोणी मागण्यापूर्वी, आपण होऊन प्रसिद्ध करा. ‘फोर्थकमिंग’चा दुसरा अर्थ याहून निराळा तो काय? आणि सातवे कलम पहिल्या अर्थाचीही वाट लावते: अर्जाचे उत्तर तीस दिवसांत द्यावयाचे, आणि जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. तेथे ‘लवकरच’ नाही, ‘यथावकाश’ नाही. कोणी द्यावयाचे त्या अधिकाऱ्याचा हुद्दाही कायद्यात आहे.

यावर आमचे काही मित्र म्हणतील की, असे सरळ लिहिले तर वरिष्ठ विचारतील, त्या विभागाने उत्तर का दिले नाही. विचारू द्यावे. विभागाचे नाव आता टिपणात आहेच. प्रश्न त्याच्याकडे पाठविता येईल.